जीए ‘कन्व्हर्ज’ होतो, पण लिंक काही मोकळी होत नाही: ओएसपीएफचे वेट्स काढताना वारंवार येणारी अडचण

लक्षण बहुतेकांना ओळखीचं वाटेल. ओएसपीएफवर, म्हणजे लिंक्सच्या वेट्सची (किमतींची) बेरीज जिथे सर्वांत कमी तो मार्ग निवडणाऱ्या राउटिंग प्रोटोकॉलवर, चालणाऱ्या नेटवर्कात सगळ्यात भरलेल्या लिंकवरचा भार थोडा कमी करायचा आहे, म्हणून लिंक्सचे वेट्स शोधायला जेनेटिक अल्गोरिदम, म्हणजे जीए, लिहिला: उत्तरांच्या गटातून चांगली निवडायची, त्यांचा संकर (क्रॉसओव्हर) करायचा, अधूनमधून यादृच्छिक बदल (म्युटेशन) करायचा, आणि हे पिढ्यानपिढ्या. गुणसूत्र म्हणजे वेट्सची यादी, प्रत्येक लिंकच्या प्रत्येक दिशेला एक जनुक. फिटनेस म्हणजे सर्वाधिक भरलेल्या लिंकचं युटिलायझेशन, भार भागिले क्षमता. जितकं कमी तितकं चांगलं. शंभर जणांची पॉप्युलेशन, पाचशे पिढ्या. लॉग असा येतो:

पिढी ० — सर्वोत्तम ०.८२, सरासरी १.१४
पिढी १२ — सर्वोत्तम ०.८२, सरासरी ०.८३
पिढी ५०० — सर्वोत्तम ०.८२, सरासरी ०.८२

मग सुरू होतो तो नेहमीचा खेळ. म्युटेशनचा दर ०.०१ वरून ०.१ करायचा, पॉप्युलेशन पाचशेवर न्यायची, क्रॉसओव्हर बदलून बघायचा, सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) बदलून रात्रभर चालू ठेवायचं. दर वेळी वेट्स वेगळेच येतात आणि आकडा मात्र ०.८२. ‘प्रीमॅच्युअर कन्व्हर्जन्स’ (शोध वेळेआधीच एका उत्तरावर थिजणं) असं निदान करून सगळे मोकळे होतात. मीही या फेऱ्यात चांगले दोन आठवडे घालवले आहेत, तेव्हा हसत नाही कुणाला.

वरच्या लॉगमधली पहिली ओळ परत वाचा. पिढी शून्य, म्हणजे निवड, संकर, म्युटेशन यांतलं काहीच घडायच्या आधी, नुसत्या यादृच्छिक वेट्सनी ०.८२ गाठलं आहे. पाचशे पिढ्यांच्या उत्क्रांतीला जे जमलं तेच फाशांनी पहिल्याच फेकीत करून दाखवलं. अशा वेळी अल्गोरिदमच्या नॉब्सना हात लावू नका. माझ्या अनुभवात दहापैकी आठ-नऊ वेळा दोष फिटनेसमध्ये असतो: आपण जे मोजतो आहोत ते वेट्स बदलून बदलणारच नसतं.

पहिलं कारण: त्या नोडला दुसरी वाटच नाही

माझ्या बाबतीत झालं होतं ते इतकंच. नेटवर्कच्या कडेला एक नोड होता, बाकी जगाशी एकाच १ जीबीपीएस लिंकने जोडलेला. तो ८२० एमबीपीएस पाठवत होता. वेट १ ठेवा की ५०,०००, त्याचं ट्रॅफिक त्याच लिंकवरून जाणार. ८२० भागिले १००० म्हणजे ०.८२. काही पिढ्यांतच शंभरच्या शंभर जणांचा फिटनेस त्या एका लिंकने ठरवून टाकला होता. आतल्या लिंक्सवर कुणी ०.७८ करून ठेवलं होतं, कुणी ०.४५, पण निवड करणाऱ्याला दोघेही सारखेच दिसत होते. निवडीला धरायला काहीच नसेल तर पॉप्युलेशन नुसती वाहवत जाते आणि काही पिढ्यांत कुणा एकाच्या नकलांनी भरून जाते. लॉगमध्ये ते हुबेहूब कन्व्हर्जन्ससारखंच दिसतं.

तपासायला अवघड नाही. एकेक लिंक काढून बघा, ग्राफचे दोन तुकडे पडतात का. पडत असतील तर ती लिंक ब्रिज. पन्नास-साठ लिंक्सपर्यंत हे साध्या लूपने होतं; मोठ्या ग्राफसाठी टार्जनची पद्धत एकाच डेप्थ-फर्स्ट फेरीत सगळे ब्रिज काढून देते. ब्रिज सापडले की त्यांना फिटनेसमधून वगळा. त्यांचं काय करायचं हा क्षमता वाढवण्याचा प्रश्न आहे, राउटिंगचा नाही.

पण ब्रिज हा या रोगाचा सगळ्यात सोपा प्रकार झाला. एखाद्या नोडला १ जीबीपीएसच्या दोन लिंक्स असतील आणि तो एकूण १६०० एमबीपीएस पाठवत असेल, तर कितीही हुशार वेट्स लावले तरी ०.८० च्या खाली जाता येणार नाही. म्हणून जीए चालवण्याआधी मी आता एक गोष्ट न चुकता करतो: मल्टिकमॉडिटी फ्लोचा लिनिअर प्रोग्राम सोडवून घेतो. ट्रॅफिक हवं तसं, हव्या त्या प्रमाणात विभागायची मुभा दिली तर सर्वाधिक युटिलायझेशन किमान किती येईल, हे तो सांगतो. ओएसपीएफला एवढी मुभा नसते, त्यामुळे त्याला त्या आकड्याच्या खाली जाताच येत नाही. चाचणीसाठी लोक एनएसएफनेट या जुन्या अमेरिकी नेटवर्कची १४ नोड्स आणि २१ लिंक्सची रचना वापरतात; तेवढ्या आकाराला हा हिशोब किरकोळ आहे. लिनिअर प्रोग्राम ०.८० म्हणत असेल आणि तुमचा जीए ०.८२ वर असेल, तर तो अडकलेला नाही, जवळजवळ पोहोचलेला आहे. मग हट्ट सोडा.

फिटनेस बदला, म्युटेशन नंतर

नुसतं ‘सर्वाधिक युटिलायझेशन’ हा फिटनेस मला आवडत नाही. एका लिंककडे बोट दाखवतो आणि बाकी सगळ्यांकडे पाठ फिरवतो. बर्नार्ड फोर्ट्झ आणि मिकेल थॉरप यांनी २००० साली ओएसपीएफच्या वेट्सवर जे काम प्रसिद्ध केलं, त्यात हा प्रश्न एनपी-हार्ड (अचूक उत्तर झटपट काढायची पद्धत माहीत नाही असा) असल्याचं दाखवलं होतं आणि खर्चासाठी तुकड्यातुकड्यांनी चढत जाणारी रेषा वापरली होती. ती अजून टिकून आहे. लिंक एक-तृतीयांश भरेपर्यंत चढ १, तिथून दोन-तृतीयांशपर्यंत ३, पुढे ०.९ पर्यंत १०, मग १ पर्यंत ७०, १.१ पर्यंत ५०० आणि त्यापुढे ५०००. सगळ्या लिंक्सच्या खर्चाची बेरीज म्हणजे फिटनेस.

फरक किती पडतो ते बघा. समजा ०.८२ वर अडलेली ती लिंक आहेच, आणि शिवाय १ जीबीपीएसच्या दोन लिंक्स आहेत. एका गुणसूत्रात त्यांच्यावर ०.७० आणि ०.३० असा भार, दुसऱ्यात ०.५० आणि ०.५०. जुन्या फिटनेसला दोघेही ०.८२. नव्या हिशोबात, क्षमता १ धरून, ०.७० चा खर्च १.६७ आणि ०.३० चा ०.३०, बेरीज १.९७. दुसऱ्याचा प्रत्येकी ०.८३, बेरीज १.६७. आता निवडीला कळतं कुणाला पुढे न्यायचं. ०.८२ च्या लिंकचा २.८७ हा खर्च दोन्हीकडे तसाच राहतो आणि कुणाच्या वाटेत येत नाही.

या रेषेचा एक दुष्परिणाम मात्र आहे आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या पिढ्यांत काही लिंक्स क्षमतेच्या दीडपट-दुप्पट भरलेल्या असतात, तिथे ५००० चा चढ लागू होतो आणि खर्चाचे आकडे अफाट फुगतात. निवड रूलेट पद्धतीने, म्हणजे खर्चाच्या व्यस्ताच्या प्रमाणात, होत असेल तर गडबड होते. शंभरपैकी नव्व्याण्णव जणांचा खर्च ४०००, एकाचा ४०. त्या एकाचा वाटा १/४०, म्हणजे ०.०२५, बाकी सगळ्यांचा मिळून ९९/४०००, म्हणजे ०.०२४७५. एकटा गडी निम्म्याहून जास्त वेळा निवडला जातो. तीन-चार पिढ्यांत सगळी पॉप्युलेशन त्याचीच भावकी. उलट शेवटाकडे ४१.० आणि ४१.३ असे खर्च आले की रूलेटला दोघांत काही फरकच दिसत नाही. तिघा-तिघांची टूर्नामेंट लावा, विषय संपला. तिला आकड्यांच्या आकाराशी देणंघेणं नसतं, फक्त कोण पुढे आणि कोण मागे एवढंच ती बघते.

दुसरं कारण: वेगळे दिसणारे वेट्स, राउटिंग तेच

ओएसपीएफचा वेट १६ बिटांचा, १ ते ६५,५३५. म्हणून बरेच जण जनुकाची मर्यादाही तीच ठेवतात, आणि तिथेच घात होतो. सगळ्या वेट्सना एकाच संख्येने गुणलं तर मार्ग बदलत नाहीत. एका पालकाचे वेट्स २, ३, ५ आणि दुसऱ्याचे २०००, ३०००, ५००० असतील तर दोघांचं राउटिंग एकच. पण त्यांचा संकर केला की अपत्य येतं २, ३०००, ५. मधली लिंक कुणाचा काही गुन्हा नसताना वाळीत पडते. दोन चांगल्या, एकसारख्या पालकांपासून बिघडलेलं पोर. क्रॉसओव्हर असा नासत असेल तर तुमचा जीए प्रत्यक्षात फक्त म्युटेशनवर चालला आहे.

त्यात म्युटेशन ‘अधिक एक किंवा उणे एक’ असेल तर तेही गेलं. ३०,००० च्या वेटला ३०,००१ केल्याने सहसा एकही मार्ग हलत नाही.

उपाय सोपा आहे: मर्यादा १ ते २० किंवा १ ते ३० ठेवा. एवढ्या अरुंद पट्ट्यात एक पाऊलही मार्ग बदलायला पुरतं, आणि समान लांबीचे मार्ग जास्त सापडतात, जे भार वाटायला बरंच असतं. आयएस-आयएस या ओएसपीएफसारख्याच प्रोटोकॉलचे जुने नॅरो मेट्रिक सहा बिटांचे, १ ते ६३ पर्यंतच होते; त्यावरही मोठी नेटवर्क्स चालली.

आणि वैविध्य मोजायचं असेल तर वेट्सवरून मोजू नका. प्रत्येक गुणसूत्राने प्रत्येक लिंकवर किती भार टाकला त्या यादीचा हॅश (यादीवरून काढलेली छोटी खूण) काढा आणि दर दहा पिढ्यांनी वेगळे हॅश किती ते छापा. वेट्स शंभर प्रकारचे आणि हॅश सहाच, असं दिसलं तर कळतं की पॉप्युलेशन शंभर जणांची नाही, सहा जणांची आहे. हॅश आधीच असेल तर त्या अपत्याला टाकून त्याजागी नवं यादृच्छिक गुणसूत्र घ्या. एवढ्या एका बदलाने मला जो फायदा झाला तो म्युटेशनचे सगळे दर पालथे घालून झाला नव्हता.

शुद्ध जीएवर फार भिस्त ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत. ओएसपीएफ वेट्ससाठी जीए वापरणारं एरिक्सन, रेसेन्दे आणि पार्दालोस यांचं काम २००२ चं. त्याच वाटेने पुढे जाऊन बुरिओल, रेसेन्दे, रिबेरो आणि थॉरप यांनी २००५ मध्ये त्याला लोकल सर्चची जोड दिली. क्रॉसओव्हर झाल्यावर अपत्याला तसंच न सोडता त्याच्या सगळ्यात खर्चिक लिंक्सचे वेट्स थोडेथोडे वाढवून बघायचे, खर्च उतरला तर ठेवायचे. कोडच्या वीस-पंचवीस ओळी. पाचशे पिढ्यांचं काम बऱ्याचदा पन्नासात होतं.

सिम्युलेटर खोटं बोलतोय का?

फिटनेस नीट, वैविध्य नीट, सिम्युलेटरमध्ये आकडा छान उतरला, आणि खऱ्या राउटर्सवर वेट्स लावले की भलत्याच लिंक्स भरल्या. इथे पहिला संशयित ईसीएमपी, म्हणजे समान लांबीच्या मार्गांवर भार वाटून देणं.

सर्वांत छोटा मार्ग काढणाऱ्या डायक्स्ट्राच्या अल्गोरिदमच्या सरधोपट कोडमध्ये प्रत्येक नोडला एकच पूर्वज (मार्गावरचा आधीचा नोड) साठवलेला असतो. दोन मार्ग समान लांबीचे असले तरी कोड त्यातला एकच घेतो, बहुधा ज्या नोडचा क्रमांक आधी आला तो. राउटर मात्र दोन्ही घेतो. ९०० एमबीपीएसची मागणी सिम्युलेटरमध्ये एकाच लिंकवर ९००, प्रत्यक्षात दोन लिंक्सवर सुमारे ४५०-४५०. जीए मग त्या काल्पनिक ९०० ला हलवण्यासाठी जीव काढत बसतो.

ईसीएमपी घातला तरी त्यात एक चूक मी अनेकांच्या कोडमध्ये पाहिली आहे. अ पासून ड पर्यंत समान लांबीचे तीन मार्ग: दोन ब मधून जाणारे, एक क मधून. कोड मागणी तीन मार्गांत सारखी वाटतो, प्रत्येकी ३३ टक्के. राउटर असं करत नाही. अ ला तीन मार्ग दिसत नाहीत, दोन नेक्स्ट-हॉप (पुढचे शेजारी नोड) दिसतात. तो ५० टक्के ब कडे आणि ५० टक्के क कडे देतो; ब आपल्याकडचे पुन्हा अर्धे अर्धे करतो. म्हणजे क च्या मार्गावर ५० आणि बाकी दोन्हींवर २५-२५. ९०० एमबीपीएसवर क ची लिंक ३०० नाही, ४५० घेते. वाटणी मार्गांत नाही, प्रत्येक नोडवर नेक्स्ट-हॉप्समध्ये करा.

तेही सरासरीनेच खरं. राउटर पॅकेटागणिक वाटत नाही, फ्लोच्या (एकाच जोडणीच्या पॅकेट्सच्या) हॅशवर वाटतो. एखाद-दुसरा अवजड फ्लो असेल तर निम्मे-निम्मे कधीच होणार नाही, आणि कुठलाही वेट ते सुधारणार नाही.

दुसरा संशयित म्हणजे हरवलेलं ट्रॅफिक. कोडमध्ये एक ओळ असायलाच हवी: पोहोचलेल्या मागण्यांची बेरीज आणि ट्रॅफिक मॅट्रिक्सची (कुठून कुठे किती ट्रॅफिक, त्या तक्त्याची) बेरीज सारखी नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवा. ज्या सिम्युलेटरमध्ये मार्ग न सापडलेली मागणी गुपचूप सोडून दिली जाते, तिथे जीए फार लवकर शिकतो की लिंक मोकळी करायचा उत्तम उपाय म्हणजे ट्रॅफिक पोहोचवायचंच नाही. ६५,५३५ म्हणजे ‘लिंक बंद’ असं धरणारे सिम्युलेटर यात हमखास फसतात. प्रोटोकॉलमध्ये तो आकडा बंद नव्हे, शेवटचा पर्याय. उत्क्रांतीला लबाड म्हणण्यात अर्थ नाही, तिने तुमचीच फट शोधलेली असते. अगदी याच जातीची एक चूक: खर्च कमीत कमी करायचा असताना निकामी गुणसूत्राला दंड म्हणून शून्य देणं. दुसऱ्या पिढीपासून सगळीकडे निकामीच गुणसूत्रं.

वेट्सऐवजी मार्गच गुणसूत्रात असेल तर

एमपीएलएस (पॅकेटला लेबल लावून ठरलेल्या मार्गाने पाठवणं) किंवा एसडीएनमध्ये (मध्यवर्ती सॉफ्टवेअरने नेटवर्क चालवणं) प्रत्येक मागणीला थेट मार्ग देता येतो, तिथे गुणसूत्र म्हणजे नोड्सची यादी. आह्न आणि रामकृष्ण यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत बहुतेक जण वापरतात: दोन पालकांत सामाईक नोड शोधायचा आणि तिथे शेपट्या अदलाबदल करायच्या. इथली नेहमीची तक्रार लूपची. १-२-३-४-६ आणि १-३-५-२-६ यांना २ वर कापलं तर एक अपत्य १-२-६, ठीक. दुसरं १-३-५-२-३-४-६, ३ दोनदा आला. दोन ३ मधला भाग छाटा, १-३-४-६ उरतो आणि तो वैध असतो. असं अपत्य फेकून देऊ नका, दुरुस्त करा.

दर आठवड्याला पुन्हा तेच

आता ज्या प्रकारामुळे हा प्रश्न ‘वारंवार’ येतो तो. वेट्स लावले, सगळं छान. आठवड्याने ट्रॅफिक बदललं, लिंक भरली, जीए पुन्हा चालवला, चाळीस वेट्स बदलून आले. पुढच्या आठवड्यात परत.

जीएने एका मॅट्रिक्सची घोकंपट्टी केलेली असते. फिटनेसमध्ये एकापेक्षा जास्त मॅट्रिक्स घाला, निदान दिवसाच्या गर्दीचं आणि रात्रीच्या बॅकअपचं, आणि सरासरी न घेता त्यातला वाईट खर्च धरा. एकेक लिंक तुटल्याची परिस्थितीही घाला. हे महाग पडतं: एनएसएफनेटएवढ्या नेटवर्कला २१ बिघाड आणि एक नेहमीची स्थिती, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राला २२ मूल्यमापनं. शंभर गुणसूत्रं, पाचशे पिढ्या धरल्या तर ११ लाख. एकाला २ मिलिसेकंद लागत असतील तर ३७ मिनिटं. चालवण्यासारखं आहे; आणि वेळ वाचवायचाच असेल तर नेहमीच्या स्थितीत जे गुणसूत्र वरच्या निम्म्यात येत नाही त्याचे बिघाड तपासूच नका.

दुसरं म्हणजे बदललेल्या वेट्सची संख्या फिटनेसमध्ये आणा. सध्याच्या वेट्सपासून जास्तीत जास्त पाच फरक, अशी कडक मर्यादा मला दंडापेक्षा बरी वाटते. थोडे वेट्स बदलूनही बराचसा फायदा मिळतो, हे फोर्ट्झ आणि थॉरप यांनी २००२ मध्ये बदलत्या ट्रॅफिकवर दाखवलं आहेच. सुरुवातीची पॉप्युलेशनही सध्याच्या वेट्सच्या आसपासच तयार करा.

एक मोह मात्र टाळा: दर पाच मिनिटांचं युटिलायझेशन जीएला भरवून आपोआप वेट्स बदलायचा. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट नेटवर्कमध्ये १९७९ साली मोजलेल्या विलंबावरून लिंकची किंमत ठरवायला लागले, आणि भार वाढला की सगळं ट्रॅफिक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झोके घेऊ लागलं. १९८७ मध्ये किंमत किती आणि किती वेगाने बदलू शकेल यावर लगाम घातल्यावर ते आवरलं. आजचे राउटर वेगवान आहेत म्हणून हा झोका थांबेल असं नाही, उलट लवकर येईल.

लावताना सगळे वेट्स एकदम ढकलू नका. प्रत्येक बदलाची खबर नेटवर्कभर पसरते, प्रत्येक राउटर आपापल्या वेळेने नवे मार्ग काढतो, आणि मधल्या काही क्षणांत दोन शेजारी एकमेकांकडेच पॅकेट टोलवत बसू शकतात. एका वेळी एक वेट. मोठी वाढ असेल तर टप्प्याटप्प्याने. दोन बदलांमध्ये एवढा वेळ सोडा की पाच मिनिटांच्या निदान दोन-तीन नोंदी हातात येतील. त्या नोंदी सिम्युलेटरने त्या टप्प्याला सांगितलेल्या भाराशी ताडून बघा. पाच-दहा टक्क्यांचा फरक चालतो. ३०० च्या जागी ४५० दिसले तर पुढचा वेट लावू नका, मागे जाऊन नेक्स्ट-हॉपची वाटणी तपासा.